दोणी अण्णा

"तेल ते तेल, त्यात काय बघायचं?" असं कुणी म्हणालं की माझं डोकं अजून फिरतं. परवा एका पेट्रोल पंपावर एक पोरगेलासा गृहस्थ असंच म्हणाला आणि मी रिक्षातून खाली उतरून त्याच्याशी भांडले. रिक्षावाला म्हणाला, "अक्का, तुमचं काय जातंय?" माझं काहीच जात नव्हतं. ज्यांचं गेलं ते तोरसकर. आमच्या कारखान्यातले दोणी अण्णा.

बेंगळूरजवळ बोम्मसंद्राला वंगणाच्या तेलांचा कारखाना होता, तिथं मी प्रयोगशाळेत होते. तेल जाळायचं आणि मागं किती राख उरते ते बघायचं, हे माझं काम. आई म्हणायची, "एवढी शिकलीस ती राख बघायला?" तोरसकर माझ्या खिडकीच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये. ते इंजिनांवर तेलाची चाचणी घ्यायचे. आणि त्या शेडमध्ये, समुद्रापासून इतक्या लांब, होडीचं एक इंजिन होतं.

होडीच्या मागं बाहेरून अडकवतात ना, खाली पंखा असलेलं, तसलं. दोन स्ट्रोकचं. ते एका मोठ्या लोखंडी पिंपाच्या कडेला आवळून बसवलेलं, पंखा पिंपातल्या पाण्यात. तोरसकर दोरी ओढायचे, इंजिन भडकायचं, पाणी घुसळून निघायचं, सगळी शेड निळ्या धुरानं भरायची. दिवसभर ते इंजिन जिवाच्या आकांतानं पळायचं आणि होतं तिथंच राहायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर नंतर मी त्या खिडकीकडं पाठ करून बसायला लागले.

कामगारांनीच त्यांचं नाव दोणी अण्णा पाडलं. कानडीत दोणी म्हणजे होडी. तोरसकर मालवणचे, मासेमारी करणाऱ्या गाबितांचे पोर, त्यांना आधी हे नाव फार आवडलं. मग एकदा जेवताना मला म्हणाले, "शारदा, आपल्या मराठीत दोणी म्हणजे काय गो?"

मी म्हटलं, "गुरांना पाणी पाजतात ती. दगडाची."

"म्हणजे पाणी आसा, पण जायचं खंय नाय." आणि स्वतःच खो खो हसले. "बरोबर नाव ठेवलंनी मेल्यांनी!"

एरवी ते माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलत, रागावले किंवा खूश झाले की मालवणी. माझ्या मराठीची मात्र त्यांनी कायम टिंगल केली. आमचं घराणं बेंगळूरात किती पिढ्यांपासून आहे ते आमच्या आजोबांनाही सांगता यायचं नाही. आमची मराठी घरातल्या घरात बोललेली, उंबऱ्याबाहेर सगळं कानडी. मी "सरी, आयतु", म्हणजे बरं, झालं, असं म्हटलं की ते म्हणायचे, "ही बघा, छत्रपतींच्या लष्करातून मागे राहिलेली." मी पण सोडत नसे. "आम्ही मागं राहिलो ते राहिलो, तुम्ही का राहिलात?"

हे मी थट्टेनं विचारलं होतं. त्यांनी खरं उत्तर दिलं.

त्यांची बायको कुसुमाक्का यशवंतपूरची, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातली, एकुलती एक. लग्न होऊन मालवणला गेली, आणि वर्षाच्या आत इकडं तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. आई आधीच गेलेली. म्हाताऱ्याला बघायला दुसरं कुणी नाही. "दोन वर्षं जाऊन राहू," असं ठरवून दोघं आली. म्हातारा चिवट निघाला. अंथरुणाला खिळून तो जगला, जगला, जगतच राहिला. तोरसकर त्याला उचलून न्हाणीत न्यायचे, दाढी करायचे, आणि मग कामावर यायचे. "मरू दे कसं म्हणणार?" ते म्हणाले. "आणि मरत नाय तोवर सुटणार कसा?" बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हलकेच चापट मारली.

दरम्यान मालवणात वडील वारले आणि होडी धाकट्या भावाकडं, विठूकडं गेली. त्यात काही भांडण नव्हतं. जो तिथं होता त्यानं होडी चालवली, एवढंच. पण आता परत जायचं तर कशावर जायचं? विठूच्या होडीवर खलाशी म्हणून? थोरल्या भावाला ते कसं जमावं, आणि विठूला तरी ते कसं सांगता यावं?

तोरसकरांच्या खोडी सांगायच्या तर मिठापासून सुरुवात करायला हवी. एकदा त्यांनी स्टोअरकडं खडेमिठाचं पोतं मागितलं. स्टोअरकीपर म्हणाला, मीठ कँटीनचं, तुम्हाला कशाला? तोरसकर म्हणाले, "दर्यो करूचो आसा." पिंपात बोअरचं गोडं पाणी होतं, होडीचं इंजिन खाऱ्यात चालणार, तर चाचणीही खाऱ्यातच झाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी पोतं मिळालं. पिंपात मीठ ओतायचे, वल्ह्यासारख्या एका लाकडानं ढवळायचे, बोट बुडवून जिभेला लावायचे, डोळे मिटून उभे राहायचे. सगळी शेड गप्प. मग डोळे उघडून थुंकायचे. "नाय. ही आमटी झाली."

पुन्हा मीठ, पुन्हा पाणी. रोज सकाळी हा कार्यक्रम. मी खिडकीतून ओरडायचे, "झाला का समुद्र, अण्णा?" आणि रोज उत्तर एकच, "अजून नाय." शेवटी मिठानं पिंपाचा तळच खाल्ला, सगळं पाणी शेडभर झालं आणि मीठ बंद झालं. नव्या पिंपात पुन्हा बोअरचं पाणी.

दुसरी खोड बसमधली. कंपनीची बस बेंगळूरच्या शिवाजीनगरहून सुटायची आणि संध्याकाळी तिथंच आणून सोडायची. मी शिवाजीनगरला उतरायचे, तोरसकर तिथून दुसरी बस धरून यशवंतपूरला. ती बस होसूर रोडवर हटकून बंद पडायची. मागं लॉऱ्या, पुढं लॉऱ्या, मध्ये आम्ही, खिडकीतून धूर आत. ड्रायव्हर मागं वळून म्हणायचा, "स्वल्प तळ्ळी, सार." म्हणजे जरा ढकला. बाकीचे झोपेचं सोंग घ्यायचे. तोरसकर मात्र सगळ्यांच्या आधी उठायचे. टाळ्या वाजवत म्हणायचे, "उतरा, उतरा! गाडी आसा, ढकलूक येता! होडी असती तर कोण ढकलतलो?"

किती वेळा ऐकलं असेल हे मी! गाडी बंद पडली तर ढकलता येते, होडी कोण ढकलणार. कँटीनमध्ये, शेडमध्ये, बसमध्ये, जिथं तिथं. मला वाटायचं, म्हातारपणी लोकांना एखादं वाक्य चिकटतं तसं हे चिकटलंय यांना. मग एक दिवस शहरात काहीतरी गडबड झाली, रस्ते बंद झाले आणि कंपनीनं फाटकाला कुलूप घातलं. सकाळी आलेले आम्ही संध्याकाळपर्यंत आतच. घरी फोन लागेना. मी रडकुंडीला आले होते. तोरसकर चहा घेऊन माझ्याजवळ पायरीवर बसले आणि म्हणाले, "इथं निदान पायरी तरी आसा," आणि सांगायला लागले.

तोरसकर तरुण आणि विठू पोरगा होता तेव्हा घरच्या होडीला नवीनच इंजिन बसवलं होतं. इंजिनाचं ठरलेलं तेल संपलं होतं. बाजारातल्या दुकानदारानं स्कूटरचं तेल दिलं. तोरसकरांनी विचारलं, चालेल काय? तो म्हणाला, "त्याल ता त्याल." यांनी ते पेट्रोलमध्ये घातलं. काही दिवस इंजिन झकास चाललं. मग एका संध्याकाळी दोघं समुद्रात खूप लांब असताना फट्‌कन बंद पडलं. प्लगवर राखेचा गोळा, ठिणगीच पडेना. दुसरा प्लग घातला, तो थोडा चालला आणि तोही गेला. वल्ही मारून मारून हात फुटले. आणि मग मतलई वारा सुटला, जमिनीकडून दर्याकडं जाणारा.

"गावातले दिवे दिसत होते गो," ते म्हणाले. "घराघरातले. आणि आम्ही मागं मागं जात होतो. विठू लहान. मला म्हणाला, दादा, उतरून ढकलूया."

सकाळी दुसऱ्या होडीनं त्यांना ओढून आणलं. विठूनं तेव्हापासून एक नियम केला: दादा सांगेल तेच तेल. अजूनही मालवणहून ट्रंककॉल करून तो विचारायचा, दादा, अमुक डबा आलाय, घालू काय? आणि हे कारखान्याच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, फोनमध्ये ओरडून सांगायचे, "डब्याक हात लावू नको!"

माझ्या राखेचा आणि त्यांच्या गोष्टीचा संबंध मला त्या पायरीवर कळला. स्कूटरच्या तेलात जे औषध घालतात त्याची जळून राख उरते. स्कूटर तापते, थांबते, तिला ती राख चालून जाते. होडीचं इंजिन पाण्यानं गार राहतं आणि तासन्‌तास एका दमात पळतं, त्यात ती राख साचत जाते. होडीला बिनराखेचं तेल लागतं. एवढीच गोष्ट आहे, एका वाक्यात संपते.

आणि आमच्या मूर्तीसाहेबांना नेमकी तीच गोष्ट नको होती. मूर्तीसाहेब म्हणजे आमचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, कुणाला लागेल असं कधी बोलला नाही. पण कंपनीनं ठरवलं होतं की आमचं स्कूटरचंच तेल होडीचं चित्र असलेल्या डब्यात भरून कोकणच्या किनाऱ्यावर विकायचं. बिनराखेचं औषध बाहेरून यायला फार वेळ लागणार, आणि डबे तर छापून आले होते. निळी होडी, पांढरं शीड. इंजिनाच्या होडीला शीड! तोरसकर डबा हातात घेऊन हसले होते.

त्याच सुमारास कुसुमाक्काचे वडील गेले. आम्ही सगळे यशवंतपूरला भेटायला गेलो. कुसुमाक्का रडली, मग मला आत नेऊन पदरानं डोळे पुसत म्हणाली, "शारदा, खोटं कशाला बोलू, मला मोकळं वाटतंय. आता यांना यांच्या गावी नेते."

आणि तिकडं मूर्तीसाहेबांनी तोरसकरांना केबिनमध्ये बोलावलं. मालवणला कंपनीचा डेपो उघडायचा होता. डेपो तोरसकरांनी सांभाळायचा, वर राहायला जागा, समोर जेटी. फक्त त्याआधी किनाऱ्यावरचे दुकानदार कारखाना बघायला येणार होते. त्यांच्यासमोर इंजिन चालवून दाखवायचं आणि त्यांच्या भाषेत एक शब्द बोलायचा. "चालेल." बस. "तुमचा शब्द ते मानतील," मूर्तीसाहेब म्हणाले. "स्वल्प एक शब्द, तोरसकर."

तोरसकरांनी सांगून बघितलं. चाचणीतला प्लग नेऊन टेबलावर ठेवला, तसाच राखेचा गोळा धरलेला. मी पण माझ्या राखेचे आकडे सांगितले. मूर्तीसाहेबांनी ऐकून घेतलं, प्लग कागदात गुंडाळून परत दिला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी सुधारू ना. आधी डेपो तर उघडू दे."

 त्या आठवड्यात तोरसकर पिंपातलं इंजिन रोज चालवत होते. घरी कुसुमाक्कानं पडदे उतरवून धुतले, पितळी भांडी जुन्या लुगड्यांत बांधली. एके सकाळी बसमध्ये तोरसकर मला म्हणाले, "विठू फोन करून विचारीत होतो. दादा, तुमच्या कंपनीचा डबा येतलो म्हणतत. घालू काय?"

"मग काय म्हणालात?"

"लाईन तुटली म्हणून फोन ठेवला."

दुकानदार आले. शेड झाडून घेतलेली, पिंपाला नवा रंग, हार घातलेला. तोरसकरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना पाणी लावलं होतं. नवा प्लग होता, दोरी ओढल्याबरोबर इंजिन सुरू झालं आणि खरं सांगते, इतकं गोड चाललं की मला वाटलं, देवा, असंच चालू दे, हा माणूस जाऊ दे आता. मूर्तीसाहेबांनी हसून खूण केली. तोरसकर म्हणाले, "इंजिन चांगलं आसा." लोक माना डोलवायला लागले.

तेवढ्यात कुबल नावाचे एक म्हातारे दुकानदार पुढं आले. मालवणचेच. त्यांनी पिंपाकडं बघितलं, मग तोरसकरांकडं. "इंजिन बघतंय मी. ह्या त्याल तुमच्या विठूच्या होडयेक घालशात काय?"

इंजिन चालूच होतं. तोरसकर त्या घुसळणाऱ्या पाण्याकडं बघत राहिले. मी खिडकीत उभी होते आणि मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा, हो म्हणा, एकच शब्द आहे. त्यांनी हात पुढं करून इंजिन बंद केलं. 

"नाय," ते म्हणाले. "गाडयेक घाला. होडयेक नाय."

कुणी आरडाओरडा केला नाही. जेवण ठरलेलं होतं, ते झालं. होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, होत्या. तोरसकरांनी पंगतीत मिठाच्या समुद्राची गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं, कुबल तर हसता हसता ठसकले. दुकानदार परत गेले. डेपो झाला नाही. होडीचं चित्र असलेले थोडे डबे नमुन्याला म्हणून वाटून गेले होते, बाकीचे गोदामात पडून राहिले. तोरसकरांना स्कूटरच्या चाचणीवर बसवलं.

मला त्यांचा राग आला होता. फार राग. त्या रविवारी मी यशवंतपूरला गेले ते भांडायलाच. पण माझ्या आधी कुसुमाक्काच भांडत होती. "एवढी वर्षं माझ्या बापाचं केलंत, एक ब्र काढला नाहीत. आणि एक शब्द जड झाला तुम्हाला?"

ते खुर्चीत बसले होते. म्हणाले, "विठू घालतलो गो ता. माझ्या सांगण्यावर घालतलो."

 कुसुमाक्कानं बांधलेलं गाठोडं सोडलं, स्टूल ओढलं. "सरी," ती म्हणाली. "पडदे लावते. शारदा, हे टोक धर." मी टोक धरलं. भांडायचं राहूनच गेलं.

पुढं ते स्कूटरची इंजिनं चालवत राहिले. पिंपावरचं होडीचं इंजिन कुणी काढलं नाही आणि कुणी चालवलंही नाही. आठवड्यातून एकदा ते जाऊन दोरी ओढायचे, थोडं पळवायचे, बंद करायचे. "बसून राहिला की इंजिन मरता," म्हणायचे. मीठ पुन्हा कधी मागितलं नाही. मी पण समुद्र झाला का म्हणून विचारायचं सोडून दिलं.

मग मला शहरातच दुसरी नोकरी लागली. कारखान्यातल्या माझ्या शेवटच्या आठवड्यात कोकणातून एक लॉरी आली आणि ड्रायव्हरनं तोरसकरांच्या हातात एक डबा दिला. आमचाच डबा, निळी होडी आणि पांढरं शीड. झाकण मेणानं बंद केलेलं. ड्रायव्हर म्हणाला, कुबलांनी पाठवलाय. विठूच्या होडीतून, आत खोल जाऊन भरलाय. कुबलांनी सांगितलंय, आता आमटी करू नका.

तोरसकरांनी पान्यानं मेण खरवडलं, झाकण काढलं. बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. सगळे कामगार जमले होते. मी किती दिवसांनी विचारलं, "झाला का समुद्र, अण्णा?"

ते डोळे उघडेनात. मग एकदम हसायला लागले, डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू. "आसा. आसा दर्यो," ते म्हणाले. "पण डबो धुवूक नाय मेल्यांनी. आपलाच त्याल लागता."

कुणीतरी म्हणालं, अण्णा, ओता पिंपात, इंजिन चालवू. त्यांनी झाकण घट्ट लावलं. "पिंपात नको," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी बसमध्ये ते खिडकीशी बसले, डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. होसूर रोडवर बस नेहमीसारखी बंद पडली. मागं लॉऱ्या, पुढं लॉऱ्या. ड्रायव्हर वळून म्हणाला, "स्वल्प तळ्ळी, सार." आम्ही सगळे तोरसकरांकडं बघायला लागलो. टाळ्या नाहीत, "उतरा, उतरा" नाही. ते हललेच नाहीत. काचेतून पुढं बघत बसले होते.

 झोपेचं सोंग घेणारेसुद्धा उठले. मी पण उतरले, साडीचा पदर खोचला आणि मागं जाऊन पत्र्याला हात लावले. बस हलेना, मग हलली. खिडकीत त्यांचं डोकं दिसत होतं, ताठ, पुढं बघणारं. ते आत बसून होते आणि आम्ही सगळे ढकलत होतो.